पोट लहान झाले, घर तेच आहे : वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे पैसेवाल्यांचे काम, असे आपण बरेच दिवस धरून चाललो होतो. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा पेपरांत चर्चा झाली. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले. वजन 500 किलोच्या आसपास असल्याचे तेव्हा सांगितले गेले. 7 मार्चला शस्त्रक्रिया झाली आणि टीव्हीवर रोज किलोंचा हिशोब सुरू झाला. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवले आणि 25 सप्टेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांना आधीपासूनच अनेक आजार होते, त्यामुळे त्यांच्यावरून इतरांबद्दल अंदाज बांधू नये. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात राहायला हवी होती. बातमी शस्त्रक्रियेच्या दिवसाची होते, माणसाला मात्र त्यानंतरचे दिवस काढायचे असतात.

आता ही गोष्ट आपल्या दारात आली आहे. कोणी रेल्वेत आहे, कोणी महापालिकेत, कोणाच्या मुलाच्या कंपनीचा विमा आहे. कोपरी, वागळे इस्टेट, कोळसेवाडी, वालधुनी या भागांतल्या घरांतही गुडघे गेलेली, शुगर आटोक्यात न येणारी, रात्री घोरता घोरता श्वास अडकणारी माणसे आहेत आणि डॉक्टर त्यांना या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरवण्याचे काम त्या माणसाचे आणि त्याच्या डॉक्टरांचे. आम्ही या पानावर बोलणार आहोत ते नंतरच्या घराबद्दल. कारण दवाखान्यातून हातात पडणारा आहाराचा कागद बहुतेक वेळा वेगळ्याच घरासाठी लिहिलेला असतो. त्यात ब्रोकोली असते, मिक्सर असतो, स्वतंत्र संडास धरून चाललेला असतो.

नेमके काय केलेले असते

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. दोन्ही दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून. पहिल्या प्रकारात, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते 80 टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी एक नळी. तीत एका वेळी वाटीभर अन्न मावते. दुसऱ्या प्रकाराला बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. खाल्लेले अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जाते.

आपल्यावर यातले कोणते झाले, हे रुग्णाने स्वतः आणि घरातल्या आणखी एकाने तरी पाठ करून ठेवावे. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेले तरी पहिला प्रश्न हाच येईल, आणि दोन्हींचे पथ्यपाणी अगदी सारखे नाही.

पोट लहान झाले म्हणून वजन उतरते, एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच खरे. जठराच्या वरच्या भागातून भूक जागवणारे एक संप्रेरक तयार होते. तो भाग काढला की त्याचे प्रमाण घटते आणि भूक मंदावते. आतड्यातून सुटणारी दुसरी संप्रेरकेही बदलतात. म्हणून शुगर कधी कधी वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. ही आनंदाची गोष्ट आहे आणि धोक्याचीही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मापात चालू ठेवले तर शुगर एकदम कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बीपीच्या गोळीचेही तसेच. ही औषधे किती कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील. "आता बरे वाटते" म्हणून स्वतः बंद करू नयेत आणि "दहा वर्षे घेतोय" म्हणून तशीच ओढूही नयेत. ज्यांना शुगर आहे त्यांनी पहिले काही आठवडे डॉक्टर सांगतील तितक्या वेळा बोटाचे रक्त तपासावे.

कोणाला ही शस्त्रक्रिया सुचवतात, हेही थोडक्यात सांगतो. वजन किलोत घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. आलेला आकडा आपल्याकडे साधारणपणे 37.5 च्या वर असेल, किंवा मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणे असा आजार असून 32.5 च्या वर असेल, तर विचार केला जातो. 5 फूट उंचीच्या बाईच्या बाबतीत हे 87 किलो आणि 75-76 किलो होते. जगभरातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणली. मात्र आपली विमा कंपनी कोणता आकडा धरते हे वेगळे. 2019 च्या विमा नियामकाच्या नियमांत 40, किंवा गंभीर आजार असल्यास 35, असा आकडा आहे. त्यामुळे डॉक्टर "हो" म्हणतात आणि विमा "नाही" म्हणतो, असे घडू शकते. दवाखान्यात भरती होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेल्वेवाल्यांना कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातून भायखळ्याच्या, बाबासाहेबांच्या नावाच्या रुग्णालयात जाण्याची वाट आहे. कामगार विम्याचे कार्ड असेल त्यांनी वागळे इस्टेट किंवा उल्हासनगरच्या कामगार रुग्णालयात चौकशी करावी. कर्ज काढून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की बिलाबरोबर पुढच्या गोळ्यांचा आणि रक्ताच्या तपासण्यांचा खर्चही त्याच हिशोबात धरा. तो जन्मभराचा आहे.

पहिले दोन महिने

पहिले साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे घोटलेले मऊ, मग मऊ घास आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, अशी ही चढण असते. प्रत्येक दवाखान्याचे दिवस थोडे मागेपुढे असतात. आपल्या डॉक्टरांचा कागद खरा मानावा.

इथे आपल्या घरात पहिली चूक होते ती डाळीच्या पाण्याची. आजाऱ्याला वरणाचे वरचे पाणी द्यायचे ही आपली जुनी रीत. पण त्या पाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, ती खाली बसलेल्या डाळीत असतात. या माणसाला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, केस जास्त गळतात, जिना चढताना पाय थरथरतात. म्हणून डाळ शिजवून, रवीने घोटून, गाळणीतून दाबून द्यावी. मिक्सर नसला तरी चालतो.

पावडरचा डबा महाग असतो आणि प्रत्येकाला लागतोच असे नाही. सुरुवातीच्या पातळ आहाराच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितली तर घ्यावी. मऊ खाणे सुरू झाले की आपल्या फळीवरचे पदार्थ पुरतात. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात 8, घट्ट वरणाच्या वाटीत 6-7, मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम, सोयाबीनच्या वड्यांत 13. वाळवलेल्या बोंबलात त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. जवळा, सुकट यांचीही ताकद मोठी. सुक्या मासळीला लोक नाके मुरडतात, त्यांना मुरडू द्या. मात्र तिच्यात मीठ भरपूर असते. बीपीवाल्यांनी ती दोन पाण्यांत भिजवून, पिळून घ्यावी, आणि ती रोज खाऊ नये. ताजे मासे, कोंबडीचा खिमा, मोड आलेल्या मटकीचे घोटलेले कढण, दही हे सगळे चालते. दुधाने काहींचे पोट शस्त्रक्रियेनंतर बिघडते, त्यांना दही सोसते. कलेजीतून लोह आणि बी-12 दोन्ही मिळतात. आठवड्यातून एकदा मऊ शिजवलेली चार बोटे कलेजी बऱ्याच महागड्या पदार्थांपेक्षा बरी.

ताटात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी-भात. आपल्याकडे उलटे असते. भात पहिला, वर आमटी, आणि अंड्याचा तुकडा मुलाच्या ताटात. बाई शस्त्रक्रिया करून आलेली असेल तर आणखी एक अडचण असते. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि भांड्याच्या तळाला उरलेला रस्सा घेते. वाटीभर पोटात रस्सा आणि भातच गेला तर तिच्या अंगाला काय लागणार? तिचे अंडे, तिचा मासा आधी बाजूला काढून ठेवायचा, हा नियम घरातल्या पुरुषाने केला तर तो टिकतो, असे आम्हाला दिसते.

घास लहान, चावणे भरपूर, एका जेवणाला वीस-तीस मिनिटे. ताजा पाव, वडापाव, डोशाचे टोक, तंतुमय मटण हे पहिल्या महिन्यांत अडकते. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखे वाटते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. अशा वेळी पाणी पिऊन ढकलू नये. थांबावे, चालावे. आणि पाणी जेवणाबरोबर घेऊ नये; जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडावा.

पाण्याचे गणित इथे सर्वांत अवघड जाते. दिवसाला दीड ते दोन लिटर लागते आणि एका वेळी दोनच घोट जातात. म्हणजे दिवसभर घोट-घोट चालू ठेवायचे. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीत लोंबकळत जाणारा माणूस बाटली काढणार कशी? आणि बायका तर बाहेर संडासाची सोय नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळतात. शस्त्रक्रियेनंतर ही सवय महागात पडते. लघवी गडद पिवळी होणे, उभे राहताच चक्कर येणे, तोंडाला कोरड पडणे ही पाणी कमी पडल्याची खूण. अर्धा लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ठेवाव्यात आणि रात्री किती रिकाम्या झाल्या ते मोजावे. फलाटावर गाडीची वाट पाहताना चार घोट, कामावर पोचल्यावर चार घोट. शक्य असेल त्याने पहिला महिना तरी गर्दीची वेळ टाळून कामाची वेळ बदलून मागावी.

चालायचे मात्र पहिल्याच दिवसापासून. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दवाखान्यातच उठवून चालवतात. घरी आल्यावर रोज थोडे थोडे वाढवावे. पण जड उचलणे साधारण सहा आठवडे बंद. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोचा होतो. नळ पहाटे येतो, रांग लागते, आणि "एवढासा तर हंडा" म्हणून ती उचलते. बाहेरची छिद्रे भरलेली दिसली तरी आतली शिवण अजून कच्ची असते आणि हर्निया तिथेच होतो. पाणी भरायचे कोणी, हे शस्त्रक्रियेच्या आधी घरात ठरलेले असावे. शेजारीपण कशासाठी असते?

खीर, सरबत आणि अष्टशील

बायपास झालेल्यांना, आणि कमी प्रमाणात स्लीव्हवाल्यांनाही, गोड पदार्थ सोसत नाही. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. कधी कधी हे लगेच न होता एक ते तीन तासांनी होते. तेव्हा शुगर खाली गेलेली असते, हातपाय कापतात, काही सुचत नाही. ज्यांच्या घरी संडास आहे त्यांना हा त्रास असतो. ज्यांना डबा घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे आहे त्यांची तर अब्रू पणाला लागते.

बुद्धपौर्णिमेची खीर, 14 एप्रिलला मिरवणुकीत मिळणारे सरबत, लग्नातला गुलाबजाम, यांत हे ठरलेले. खिरीचा मान राखायचा तर चमचाभर घ्यावी, तीही जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही. आणि वाढणाऱ्या बाईने "एवढीशीच?" म्हणून आग्रह करू नये. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी पाण्याची बाटली, उकडलेली अंडी किंवा भाजलेले चणे जवळ ठेवावेत. चणे मात्र शस्त्रक्रियेला चार-सहा महिने होऊन गेलेल्यांनीच, नीट चावून. वाटेवरच्या नाश्त्यावर अवलंबून राहू नये.

वर्षावासात उपोसथ धरणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. अष्टशीलात दुपारी बारानंतर जेवण नाही. म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत सुमारे अठरा तास. ज्याचे पोट एका वेळी वाटीभरच घेते त्याने दुपारच्या आत दिवसाची प्रथिने भरून काढणे जवळजवळ अशक्य आहे, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे. पहिले वर्ष तरी हा उपवास करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंचशील आहेच. विनयातही आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे अवेळी घेण्याची मोकळीक दिलेली आहे. आजारी माणसाला नियमात अडकवावे असा धम्माचा रोख कधीच नव्हता. आपल्या विहारातल्या भंतेजींना मोकळेपणाने सांगावे. ते समजून घेतील.

अन्नाच्या मात्रेचा विषय निघाला म्हणून सांगतो. संयुक्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी मात्रा ओळखून जेवणाऱ्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली, त्यासाठी त्याला रोजचे शंभर कार्षापण लावून दिले. राजाचे जेवण हळूहळू नाळीभर भातावर आले आणि अंग हलके झाले. या गोष्टीत आम्हाला सुदर्शन महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या राजालाही ताटाशी बसून आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या घरातल्या बाईला किंवा बाप्याला तो कोण आहे? बहुतेक घरांत उलटा माणूस असतो, "अजून एक घे" म्हणणारा.

पाचव्या शीलाचा इथे वैद्यकीय अर्थही आहे. बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात चढते आणि उशिरा उतरते. स्लीव्हनंतरही असे होते. पूर्वी जेवणात सुख शोधणारा माणूस जेवण गेल्यावर दुसरीकडे वळतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूचे व्यसन लागण्याचे प्रमाण वाढते, हे परदेशांतल्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. जे आधी पीत होते त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवावे. तंबाखू, विडी, मिश्रीही सोडावी. बायपासच्या जोडावर अल्सर होतो आणि तो फुटला तर जिवावर बेततो. त्याच कारणाने मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, म्हणजे ब्रूफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी, बायपासवाल्यांनी घेऊ नये. पॅरासिटामॉल चालते. दुकानदाराला "पोटाचे बायपास झालेय" असे आधी सांगावे, नाहीतर तो हृदयाचे समजेल.

शरीर बदलते, आणि लोकांच्या नजरा

वजन पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरते, मग वेग मंदावतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षात थांबते. मध्येच महिनाभर काटा हलत नाही, तेव्हा घाबरून जेवण तोडू नये. दोन-तीन वर्षांनी थोडे वजन परत येते. ते अनेकांचे येते. सगळेच परत येऊ लागले तर लपून बसण्यापेक्षा पुन्हा डॉक्टरांकडे जावे. हल्ली वजनाची इंजेक्शनेही आली आहेत, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागतात. हातात झुपके येतात. घाबरण्यासारखे असते, पण प्रथिने, लोह नीट असेल तर काही महिन्यांत थांबते आणि केस परत येतात. तेले, शाम्पू यांवर पैसे घालवू नयेत. दंड, पोट, मांड्यांची कातडी सैल होऊन लोंबते. ठाण्या-कल्याणच्या दमट हवेत, पत्र्याच्या घरात, घड्यांमध्ये घाम साचून लाल चट्टे, खाज, कधी बुरशी होते. दोन वेळा पुसून कोरडे करावे, सुती कपडा घडीत ठेवावा, चट्टे गेले नाहीत तर त्वचेच्या ओपीडीत दाखवावे. स्टेरॉइडचे मलम स्वतःच आणून लावू नये. चार महिन्यांत ब्लाऊज, पँट सगळे ढगळ होते. नवीन शिवण्याची घाई करू नका, आत टिपा मारून घ्या. वजन थांबल्यावर शिवा.

आणि बोलणी. जाड होती तेव्हा जाड म्हणून बोलले, बारीक झाली तर "काय झालेय हिला? टीबी तर नाही?" असे कुजबुजतात. कोणी म्हणते, "कष्ट न करता बारीक झाली, पैसे भरून." ज्याने महिनाभर घोटलेल्या डाळीवर दिवस काढले, त्याला कष्ट काय असतात ते शिकवू नये. लठ्ठपणा हा आळसाचा दाखला नव्हे. तो आजार आहे. त्यात अनुवंश आहे, संप्रेरके आहेत, झोप आहे, रात्रपाळी आहे, स्वस्तात मिळणारे तेल-साखरेचे खाणे आहे. एखाद्याच्या अंगावरून त्याची लायकी ठरवणे आपल्या समाजाला तरी शोभत नाही. किती लोकांना सांगायचे हे रुग्णाने ठरवावे. सगळ्या चाळीला सांगायची सक्ती नाही. पण निदान घरच्यांना, कामावरच्या एकाला आणि नेहमीच्या डॉक्टरांना माहीत हवे.

मनाचेही होते. काहींना पहिल्या महिन्यांत फार हलके वाटते आणि वर्षभराने उदास. वजन उतरले की नवरा-बायकोचे, सासरचे, नोकरीचे प्रश्न सुटतील असे वाटलेले असते. ते तसेच उभे असतात. आरशात अजून जुनेच अंग दिसते. झोप जाणे, रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे असेल तर 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

लग्न झालेल्या तरुण स्त्रियांना एक गोष्ट ठासून सांगतो. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि ज्यांना वर्षानुवर्षे दिवस जात नव्हते त्यांना अचानक जातात. पण शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नये. त्या काळात आईच्याच अंगाला पुरत नाही. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात. आणि पुढे दिवस गेल्यावर गरोदर स्त्रियांना ग्लुकोजचे पाणी पाजून शुगर तपासतात, तेव्हा आधी सांगावे की माझी अशी शस्त्रक्रिया झाली आहे. ते पाणी तिला सोसणार नाही, दुसऱ्या पद्धतीने तपासता येते.

गोळ्या, आणि सलाईनचा हट्ट

व्हिटॅमिनच्या गोळ्या हा विषय लोक सहा महिन्यांत सोडून देतात. "ताकदीच्या गोळ्या आहेत, आता ताकद आली." त्या ताकदीच्या नाहीत. बी-12 शोषायला जठराची मदत लागते आणि जठरच कापलेले किंवा वळसा घातलेले आहे. शरीरात बी-12 चा जुना साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही. एक-दोन वर्षांनी तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ लाल होणे, विसरायला होणे असे सुरू होते. नसांचे हे नुकसान उशीर झाल्यास भरून निघत नाही. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचे सोबती. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. कॅल्शियम सायट्रेट जास्त चांगले शोषले जाते. जनऔषधी दुकानात यातल्या बऱ्याच गोळ्या स्वस्तात मिळतात. नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

बी-1 चे मात्र वेगळे आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. शस्त्रक्रियेनंतर एखाद्याला रोज उलट्या होत असतील, काहीच ठरत नसेल, तर आपण काय करतो? गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन "सलाईन लावा" म्हणतो. ग्लुकोजची बाटली लावतात, माणसाला दोन तास बरे वाटते. पण बी-1 आधीच संपलेले असताना नुसते ग्लुकोज गेले तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरतात, दोन-दोन दिसते, चालता येत नाही, माणूस बरळतो. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करावा, आणि जिथे जाल तिथे म्हणावे: "यांच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या आधी बी-1 चे इंजेक्शन द्या."

ताप, सतत धडधडणारी छाती आणि पोटात वाढत जाणारे दुखणे हे पहिल्या महिन्यात शिवण सुटल्याचे लक्षण असू शकते. एका पोटरीला सूज येऊन दुखणे किंवा अचानक धाप लागणे, ही रक्ताच्या गाठीची खूण. काळी शौच किंवा रक्ताची उलटी, ही अल्सरची. बायपासवाल्यांना कितीही वर्षांनी पोटात अचानक जबर कळा आल्या तर आतडे आत अडकलेले असू शकते. या कशालाही सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणेकरांना जवळ आहे. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर इथून पुढे हलवावे लागेल हे धरून, शस्त्रक्रिया जिथे झाली तिथला फोन क्रमांक खिशात ठेवावा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली येणाऱ्या कळा बहुधा पित्ताशयातल्या खड्यांच्या असतात. वजन झपाट्याने उतरले की खडे होतात. सोनोग्राफी करून घ्यावी.

तपासण्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, शुगर. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर वर ठेवावे, पावसाचे पाणी पोचणार नाही असे. त्यांचे फोटो मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्यावेत.